‘वोक’ म्हणजे नक्की काय हो?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत या वेळी पार्किंग आणि पाण्याचे टँकर यांच्या मध्ये एक लहानसा विषय निघाला. इमारतीला दोन लिफ्ट आहेत. एकीवर चिकटवलंय, ‘फक्त रहिवासी व पाहुणे’. दुसरीवर, ‘कामगार, डिलिव्हरी व पाळीव प्राणी’. सहाव्या मजल्यावरची एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, उभी राहिली आणि म्हणाली, “आमच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी कुत्र्यांच्या लिफ्टमधून का यायचं?” क्षणभर कोणीच बोललं नाही. मग मागच्या रांगेतून एक काका हसत म्हणाले, “अगं बाळा, हे तुमचं वोक-बिक इथे नको.” सभा हसली. चेअरमननी पुढचा विषय पुकारला.

चहाच्या वेळी मी काकांना गाठलं. “काका, वोक म्हणजे नक्की काय हो?”

“तेच ते गं, अमेरिकेत चालतं ना, ते.”

“काय चालतं?”

“म्हणजे... उठसूट सगळ्याला अन्याय म्हणायचं.” बिस्कीट चहात बुडवता बुडवता ते थांबले. “व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की रोज. तू वाचत नाहीस?”

काका बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे हिशेब पै-पैचे तपासणारे गृहस्थ. त्यांच्या घरी भांड्यांना येणाऱ्या बाईंच्या मुलीची कॉलेजची फी तेच भरतात, आणि ते कुणाला सांगतही नाहीत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या एका शब्दाने सभेत जे काम केलं त्याच्याशी. लिफ्टच्या प्रश्नाला उत्तरं देता आली असती. सकाळी आठ वाजता गर्दी होते, डिलिव्हरीवाल्यांची पोती-खोकी असतात, सुरक्षेचं काय, वगैरे. यातल्या प्रत्येकावर बोलता आलं असतं, एखादं पटलंही असतं. पण ‘वोक’ म्हटल्याबरोबर लिफ्ट बाजूला राहिली आणि ती मुलगी कशी आहे हाच विषय झाला. तिने पुढे तोंड उघडलं नाही.

हा शब्द मराठी कानाला मुळात विचित्रच. आपण तो ‘ओक’च्या जवळपास उच्चारतो, आणि ओकण्याशी त्याचा संबंध जोडायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मीही बरीच वर्षं तो एखाद्या नव्या फॅशनचा शब्द समजत होते. तो निघाला माझ्या आजोबांच्या वयाचा.

इंग्रजीत जागं असण्याला ‘अवेक’ म्हणतात. काळ्या अमेरिकनांच्या बोलीत तिथे ‘वोक’ येतं. आपल्याकडे पुस्तकात ‘जागे राहा’ आणि गावात ‘जागं ऱ्हा’, तितकाच फरक. १९३८ साली लुइझियानाचा लोकगायक लेड बेली याने स्कॉट्सबरोच्या मुलांवरचं आपलं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि गाणं संपल्यावर बोलण्याच्या ओघात ऐकणाऱ्यांना बजावलं, की त्या भागातून जाताना जरा जपून असा, वोक राहा, डोळे उघडे ठेवा.

त्याला हे का बजावावं लागलं, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. २५ मार्च १९३१ रोजी अलाबामा राज्यात एका मालगाडीत काळ्या आणि गोऱ्या पोरांची मारामारी झाली. काम शोधत फुकट गाडीने हिंडणारी ती पोरं, मंदीचे दिवस. गाडी थांबवून नऊ काळ्या मुलांना उतरवलं गेलं. त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या तरुणींनी आपल्यावर बलात्कार झाल्याचं सांगितलं. सर्वांत लहान आरोपी १३ वर्षांचा होता. स्कॉट्सबरो गावात खटला उभा राहिला, पंचमंडळी सगळी गोरी, आणि पंधरा दिवसांच्या आत नवापैकी आठ जणांना मृत्युदंडाची शिक्षा सुनावून झाली. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने न्यायालयात सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. तरीही नव्या पंचांनी पुन्हा दोषीच ठरवलं. प्रकरण दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. फाशी कुणालाच झाली नाही, पण काहींची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली. तोवर ते तिघेही जगात नव्हते.

‘वोक राहा’ची ही जन्मकथा. रात्री शेतावर निघालेल्या माणसाला घरचे म्हणतात ना, पायाखाली बघून चाल, तशी ती सूचना आहे. तिच्यात तत्त्वज्ञान नाही, आणि सांगणाऱ्याला आपण कुणी शहाणे आहोत असंही दाखवायचं नाही. रस्त्यावर साप आहे, एवढंच तो सांगतोय.

पुढे १९६२ मध्ये विल्यम मेल्विन केली या तरुण काळ्या लेखकाने न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच हा शब्द होता, साधारण ‘वोक असाल तर कळेल’ अशा अर्थाचा. विषय होता काळ्या लोकांची बोलभाषा आणि ती उचलणारे गोरे. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतला शब्द गोऱ्यांच्या तोंडी पोचेपर्यंत मूळच्या लोकांनी तो टाकून दिलेला असतो किंवा त्याचा अर्थ पार फिरवलेला असतो, असं त्याचं निरीक्षण. लेखातल्या प्रत्येक शब्दाचं पुढे काय झालं ते मी तपासलेलं नाही, पण शीर्षकातल्या शब्दाचं जे झालं ते बघता माणूस द्रष्टा म्हणायचा.

२००८ मध्ये अमेरिकी गायिका एरिका बाडूच्या गाण्यातून तो पुन्हा कानांवर आला. ९ ऑगस्ट २०१४ रोजी मिझुरीतल्या फर्ग्युसन गावात मायकेल ब्राऊन या १८ वर्षांच्या निःशस्त्र काळ्या मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या, त्यानंतरच्या आंदोलनात हा शब्द ट्विटरवर हजारो तोंडी झाला. तिथवर अर्थ जुनाच होता. पोलिसांची गाडी दिसली तर सावध राहा. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने त्याला या अर्थाने आत घेतलं.

मग व्याकरण बदललं, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथे झाला. ‘वोक राहा’ हा आज्ञार्थ. त्यात एक बोलणारा, एक ऐकणारा आणि दोघांच्या बाहेर कुठेतरी असलेला धोका. ‘मी वोक आहे’ म्हटलं की ते विशेषण होतं, आणि धोक्याच्या जागी मी येऊन बसतो. सावधगिरीची सूचना कपड्यावर लावायचा बिल्ला झाली. अमेरिकी विद्यापीठांतल्या आणि कंपन्यांतल्या, बहुतेक सुस्थितीतल्या, पुष्कळशा गोऱ्याही मंडळींनी तो लावला. जून हा समलैंगिकांच्या ‘प्राइड’चा महिना आला की कंपनीचं बोधचिन्ह सप्तरंगी करायचं आणि जुलैत पुन्हा होतं तसं. बिल्ला दिसला की तो फाडायला हात शिवशिवतातच. विरोधकांनी शेवटची पायरी गाठली आणि त्याचं भाववाचक नाम केलं, ‘वोकिझम’. आता त्यात बोलणारा नाही, ऐकणारा नाही, सापही नाही. नुसतं एक धुकं आहे, कशावरही पसरणारं.

कशावरही म्हणजे खरोखर कशावरही. मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. व्याजदर चढले, बँकेकडच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या किमती पडल्या, ठेवीदार घाबरून एकदम धावले. बँकेच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही समजावं असं कारण. पण तिथल्या काही राजकारण्यांनी सांगितलं की बँक वोक होती म्हणून बुडाली. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये रस्ते अडवणाऱ्या आंदोलकांवरून बोलताना गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी संसदेत दोष दिला तो ‘गार्डियन वाचणाऱ्या, टोफू खाणाऱ्या वोकराटीं’ना. सोयाबीनचं पनीर इतकं धोकादायक असेल असं मला वाटलं नव्हतं. फ्रान्समध्ये शिक्षणमंत्र्यांनी २०२१ मध्ये वोकिझमच्या मुकाबल्यासाठी विचारमंच काढला.

फ्लोरिडाची गोष्ट मात्र जरा थांबून बघण्यासारखी आहे. तिथले गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एप्रिल २०२२ मध्ये एका कायद्यावर सही केली. शाळा-कॉलेजांत आणि नोकरीच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात वंश आणि लिंग यांबद्दल काय शिकवता येणार नाही, याचा तो कायदा. नाव ‘स्टॉप वोक अ‍ॅक्ट’. त्याच नोव्हेंबरात निवडणूक जिंकल्यावर ते म्हणाले, फ्लोरिडात वोक मरायला येतं. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये त्यांनी एका निवडून आलेल्या सरकारी वकिलाला निलंबित केलं होतं. त्या वादाची न्यायालयात सुनावणी झाली, तेव्हा गव्हर्नरांच्या मुख्य कायदा सल्लागाराला विचारण्यात आलं, वोक म्हणजे काय? टीव्हीवर असते तर काहीही बोलून सुटले असते. पण हे न्यायालय. त्यांनी सांगितलं ते असं, की अमेरिकी समाजाच्या व्यवस्थेतच अन्याय आहेत आणि त्यांवर उपाय व्हायला हवा, असं मानणं म्हणजे वोक. आपले गव्हर्नर तसं मानत नाहीत, असंही त्यांनी जोडलं.

मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटतं. व्याख्या करायची वेळ आली आणि शिवी गळून पडली. उरलं ते एक सरळ विधान, ज्याच्याशी सहमत व्हा किंवा होऊ नका, पण ज्यावर वाद घालता येतो. आता ‘अमेरिकी’च्या जागी ‘भारतीय’ घालून बघा. व्यवस्थेत अन्याय आहेत आणि ते दूर करायला हवेत, हे ज्या देशाच्या संविधानाचं १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट झाल्याचं जाहीर करतं तिथे कुणी शिवी म्हणून कसं वापरणार? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलं वाहायला आपल्याकडे सगळेच पक्ष जातात. त्या व्याख्येने ते सगळे त्या दिवसापुरते तरी वोक ठरतात.

कुणी म्हणेल, शब्दाच्या आईबापांची कुंडली मांडून काय उपयोग, आज लोक तो ज्या वागण्यासाठी वापरतात ते वागणं खरं आहे की नाही? आहे. ते मी बघितलंय. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेने फेसबुकवर आवाहन केलं होतं की एका अपंग विद्यार्थ्याला तीनचाकी सायकल हवी आहे. खाली पन्नासेक प्रतिक्रिया. त्यातल्या निम्म्याहून जास्त ‘अपंग’ या शब्दावर. बाईंना असंवेदनशील ठरवून झालं, माफी मागायला लावून झालं. कुणी ‘दिव्यांग’ सुचवलं, त्यावर दुसऱ्याने तो शब्द अपंगांनाच आवडत नाही म्हणून वेगळा वाद उकरला. सायकलचे पैसे चार जणांनी दिले, आणि त्या चौघांपैकी एकानेही शब्दाबद्दल काही लिहिलं नव्हतं. ही शुद्धतेची मिजास अमेरिकेतही आहेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये शिकागोत तरुणांसमोर बोलताना बराक ओबामांनी हेच सुनावलं होतं. आपण सदैव शुद्ध, कधी तडजोड न केलेले, सदैव राजकीयदृष्ट्या वोक, ही कल्पना लवकर सोडा, जग गुंतागुंतीचं आहे, असं काहीसं. दुसऱ्यावर दगड फेकले म्हणजे बदल घडत नाही, हेही.

पण शिक्षिकेवर तुटून पडलेल्यांना सांगायला मराठीत शब्द कमी नाहीत. सोवळं मिरवणं म्हणा, आगाऊपणा म्हणा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणा. यातला प्रत्येक शब्द नेमका आहे आणि त्याचा वार ज्याच्यावर करायचा त्याच्यावरच होतो. ‘वोक’चा वार त्या प्रतिक्रियावाल्यांवरही होतो आणि लिफ्टबद्दल विचारणाऱ्या मुलीवरही. दोघांना एकाच पोत्यात घालता येणं हीच त्याची सोय. माझा आक्षेप या सोयीला आहे.

तसं हे तंत्र आपल्याला नवीन नाही. ‘पुरोगामी’ म्हणजे पुढे चालणारा. ‘पुरोगामी महाराष्ट्र’ हे शब्द आल्याशिवाय इथे एकाही पक्षाचं भाषण पूर्ण होत नाही, आणि त्याच भाषणाच्या बातमीखाली ‘फुरोगामी’ची रांग लागते. विचारवंताचा ‘विचारजंत’ करून तर बरीच वर्षं झाली. आणि हे एकाच बाजूचं पाप नाही. दुसऱ्या बाजूने ‘भक्त’ या शब्दाची जी माती केली ती मला जास्त लागते. ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखात, जिथे शेकडो वर्षं याहून मोठी पदवी नव्हती, तिथे आज एखाद्याला नुसतं ‘भक्त’ म्हटलं तर तो भांडायला उठतो. ज्यांनी हे केलं त्यांना वाटलं आपण राजकीय विरोधकाला टोमणा मारतोय. वारीत चालणाऱ्या माझ्या मावशीचा शब्द त्यांनी वापरून फेकून दिला, याचं त्यांना सोयरसुतक नाही.

खंत एवढीच नाही. काळी अमेरिका आणि महाराष्ट्र यांच्यातली वाट व्हॉट्सअ‍ॅपच्या खूप आधीची आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या भल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावातला पँथर अमेरिकेतल्या ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या काळ्यांच्या संघटनेकडून आलेला. या वाटेने तेव्हा जे आलं ते इथल्या माणसांनी स्वतःच्या गरजेने, ओळखीने आणलं होतं. आता त्याच लोकांचा एक शब्द आला, पण तो त्यांच्याकडून आलाच नाही. त्यांच्या विरोधकांच्या टीव्ही स्टुडिओतून गाळून, शिवी बनून आला. मराठीत ‘वोक राहा’ असं कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. आपण फक्त शेवटची पायरी, फक्त साल आयात केली.

२४ ऑक्टोबर २०२३ला, दसऱ्याला, नागपूरच्या रेशीमबागेत सरसंघचालक मोहन भागवत यांनी आपल्या भाषणात स्वतःला ‘सांस्कृतिक मार्क्सवादी’ किंवा ‘वोक’ म्हणवणाऱ्या शक्तींवर टीका केली. पुढच्या वर्षीच्या दसऱ्यालाही ‘वोकिझम’ होतंच. त्यांचा रोख समाजात फूट पाडणाऱ्यांवर होता, जागं राहण्यावर नव्हता, हे उघड आहे. पण मला त्या दिवसाचा आणि त्या गावाचा योगायोग सोडवत नाही. १९५६चा १४ ऑक्टोबर हाही दसराच होता. दरवर्षी त्या सुमारास रेशीमबागेपासून काही किलोमीटरवर दीक्षाभूमीला लाखो माणसं येतात, आणि ज्याच्या नावाने येतात त्या ‘बुद्ध’ या शब्दाचा अर्थच मुळी जागा झालेला. २०२३ मध्ये दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी कोजागरी होती. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. आपण आटीव दुधाचे पेले हातात घेऊन गच्चीवर बसतो आणि सांगतो, आम्ही.

लेड बेलीच्या अर्थाचा शब्द मराठीत शोधायचाच झाला तर माझ्या मते तो ‘जागरूक’ नाही. जागरूक नागरिक खड्ड्यांबद्दल वृत्तपत्राला पत्र लिहितो, त्याच्या जिवाला धोका नसतो. जवळचा शब्द ‘जागल्या’. गावगाड्यातला रात्रीचा राखणदार. गाव झोपलं की हा फिरायचा, चोर-दरोड्याची चाहूल घ्यायचा, आणि बहुतेक गावांत हे काम ज्यांच्या वाट्याला यायचं त्यांची वस्ती वेशीबाहेर असायची. अलीकडे कचेरीतला भ्रष्टाचार बाहेर काढणाऱ्यालाही वर्तमानपत्रं जागल्या म्हणू लागली आहेत, आणि त्या माणसांचं पुढे काय होतं तेही आपण वाचतो. या शब्दाला कुणी बिल्ला करून मिरवत नाही. जागल्या होणं परवडत नाही म्हणून असेल.

माझ्यापुरतं मी ठरवलंय की मराठीत हा शब्द वापरायचा नाही, कौतुकाने नाही आणि हिणवायला तर नाहीच. समोरच्याने वापरला तर चहा देऊन विचारायचं, म्हणजे नक्की काय हो? काकांना मी परवा पुन्हा विचारलं. या वेळी ते थोडे वैतागले. म्हणाले, “अगं, माझं म्हणणं एवढंच, सकाळी आठला लिफ्टला गर्दी होते. मला गुडघ्याचा त्रास, जिन्याने जमत नाही.” मी म्हटलं, हे सभेत का नाही बोललात? त्या मुलीला मी सांगितलं, अर्जात समता वगैरे लिहू नकोस, दोन्ही लिफ्टची सकाळची आठ ते नऊची गर्दी मोजून लिही. तिने तीन दिवस मोजली. काका म्हणाले, आकडे आधी मला दाखव, बेरजा मी तपासतो. विशेष सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्टचा क्रमांक सातवा आहे, पार्किंगनंतर.